खाऱ्या पाण्याच्या टँकला वाळू कुठली? (दोन पोती घेऊन बसलोय, सल्ला द्या)

पेठेतला मासा | ११ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, आजवर नुसताच वाचत आलोय, पहिलाच धागा आहे तर सांभाळून घ्या.

सात-आठ वर्षं गोड्या पाण्याचे मासे पाळले, गोल्डफिशपासून सुरुवात करून डिस्कसपर्यंत पोचलो, डिस्कसनी रडवलं, आणि आता खाऱ्या पाण्याचं खूळ डोक्यात शिरलंय. टँक तयार होऊन आलाय, तीन फूट बाय दीड बाय दीड, खाली छोटा संप (फिल्टरची टाकी), चिलर सेकंडहँड मिळाला (पुण्यातला एप्रिल, त्याच्याशिवाय गत नाही). दगड ड्राय, म्हणजे जीवजंतू नसलेले कोरडे, घेतलेत. अडलंय ते वाळूपाशी. इंपोर्टेड वाळूच्या नऊ किलोच्या पिशवीचा भाव ऐकून मी दुकानातच खाली बसलो, तेव्हा दुकानदार म्हणाला की साहेब ही घ्या आपली देशी कोरल सँड, अगदी तीच आहे फक्त पिशवी साधी. पांढरीशुभ्र दिसत होती, पंचवीस किलोची दोन पोती उचलून आणली. आता घरी येऊन वाचतोय तर कोणी म्हणतं जाड घ्या, कोणी म्हणतं साखरेसारखी बारीक घ्या, कोणी चार इंच थर द्या म्हणतं आणि कोणी तर वाळूच टाकू नका म्हणतं.

बायकोचं म्हणणं, मालदीवच्या किनाऱ्यासारखं दिसलं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

नुसताच वाचक | ११ एप्रिल, रात्री ११:०५

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). खुर्ची टाकून बसलोय.

ठाण्याचा खारट | ११ एप्रिल, रात्री ११:३८

मालक, टँक सांगितला, चिलर सांगितला, बायकोची अट सांगितली, मासे कुठले ठेवणार ते सांगितलंच नाही. वाळू माशासाठी असते हो. आधी मासे ठरवा मग वाळू. आपल्याकडे सगळे उलटं करतात, वाळू टाकून मोकळे होतात आणि मग वाळूत झोपणारा मासा जाड खडीवर आणून सोडतात, तो बिचारा घुसायला जातो आणि अंग खरचटून घेतो.

दुसरं, ती पोती उघडू नका म्हणत नाही, पण उघडलीत तर एक चमचाभर वाळू वाटीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा. कोरल सँड म्हणजे चुन्याचाच प्रकार, कॅल्शियम कार्बोनेट, इनो टाकल्यासारखी फसफसली पाहिजे. गप्प बसली तर ती कोरलबिरल काही नाही. आणि फ्रिजवरचं चुंबक काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवा, काळे कण चिकटले तर मला सांगा.

मालवणी झील | १२ एप्रिल, सकाळी ७:१५

वाळू इकत घेतास? अरे मेल्यांनो, आमच्या हंयसर देवबागाक येवा, होडी भरून वाळू आसा, एक पैसो नको!

(गंमत बाजूला, खरंच विचारतो. समुद्रातल्या माशाला समुद्राची वाळू चालत नाही हे मला पटत नाही. मासे काय पिशवीतल्या वाळूत जन्मले?)

ठाण्याचा खारट | १२ एप्रिल, सकाळी ९:५०

झीलभाऊ, हलके घ्या पण उत्तर मोठं आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमात किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे, आणि "दोन बादल्यांनी काय होतंय" असं म्हणणारे आपण एकटेच नसतो. कोरलचं तर त्याहून कडक. २००१ पासून सगळे कडक कोरल, काळं कोरल, समुद्रपंखे हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेला किनाऱ्यावर पडलेला तुकडा असला तरी तो उचलून आणायचा नाही. म्हणून कोणी दुकानदार "अंदमानचा माल आहे, लक्षद्वीपचा आहे" असं कानात सांगायला लागला की तिथून निघायचं.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची. आपला सह्याद्री सगळा काळा बेसॉल्ट, तो झिजून नद्यांनी जे आणलं ते आपल्या किनाऱ्यावर. रत्नागिरीकडे काळबादेवी, मिऱ्याच्या बाजूला वाळूत काळे पट्टे दिसतात ना, ते इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. काचा पुसायचं चुंबक आपण टँकमध्ये फिरवतो, त्याला हे कण चिकटतात आणि मग काचेवर रेघांची रांगोळी. तुमच्या मालवणकडची वाळू पांढरट दिसते, पण त्यातही गारगोटीच जास्त आणि शिंपल्यांचा चुरा थोडा. मालदीव, लक्षद्वीपची वाळू पांढरी का, तर तिथे बेसॉल्टचा डोंगरच नाही, सगळं कोरल आणि शिंपल्यांचा चुरा, आणि त्यातला बराचसा पॅरटफिशच्या पोटातून आलेला. कोरल चावून खातात आणि मागून वाळू सोडतात. बायकोला हे सांगू नका.

तिसरं, किनाऱ्याच्या वाळूत गावाचं सांडपाणी, बोटीचं डिझेल आणि पावसाच्या तोंडावर येणारे डांबराचे गोळे. खुल्या समुद्रात खपून जातं, दीडशे लिटरच्या पेटीत नाही खपत.

मालवणी झील | १२ एप्रिल, सकाळी १०:२२

डांबराचे गोळे बरोबर, पायाक चिकटतत ते रॉकेल लावल्याशिवाय जाणत नाय. पटला. होडी मागे घेतंय.

पेठेतला मासा | १२ एप्रिल, रात्री ९:१०

केली टेस्ट. व्हिनेगर चटणीचं होतं, घरात त्यावरून वेगळा तास झाला. दहा मिनिटं वाटीकडे डोळे लावून बसलो, एक बुडबुडा नाही. लेकीने तोवर खडूचा तुकडा दुसऱ्या वाटीत टाकला, तो थोडाफार फसफसला, माझी वाळू ढिम्म. चुंबकाला काही चिकटलं नाही. मोबाईलवर झूम करून बघितलं तर दाणे काचेसारखे, कडा धारदार. फसवलं का मला?

मासे: क्लाऊनची जोडी, येलो कोरिस रॅस (वाळूत झोपणारा मासा) एक, आणि पिस्तूल श्रिंपसोबत (बिळ खणणारी कोळंबी) त्याच बिळात राहणारा पिवळा वॉचमन गोबी, हे शेवटचं माझं स्वप्न आहे, व्हिडिओ बघून बघून पागल झालोय. नंतर थोडे मऊ कोरल.

कुर्ल्याची लोकल | १२ एप्रिल, रात्री ९:४१

ही पूल फिल्टरची वाळू आहे भाऊ. स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये भरतात ती, सिलिका. धुऊन चाळून पोत्यात भरली की पांढरी दिसते. दुकानदाराला स्वतःला तरी माहीत असेल का शंका आहे, तो म्हणेल मला पण कोरल म्हणूनच दिली.

माझ्याकडे जुना टँक मोडलाय, चार वर्षं चाललेला, त्याची खरी अ‍ॅरागोनाइट (कोरल-शिंपल्यांच्या चुन्याची) वाळू वीस किलो पडून आहे. फुकट घेऊन जा.

क्वार्ट्झबुवा | १२ एप्रिल, रात्री ११:५८

सिलिकाची बदनामी फार झालेली आहे म्हणून लिहितो, रसायनाचा माणूस आहे, थोडं ज्ञान पाजळतो.

सिलिका वाळू टाकली की पाण्यात सिलिकेट उतरतं आणि त्यावर तपकिरी शेवाळ, म्हणजे डायटम, वाढतं असं सगळे सांगतात. गारगोटीचे दाणे म्हणजे क्वार्ट्झ, ते पाण्यात इतकं सावकाश विरघळतं की तुमच्या टँकच्या आयुष्यात त्याचा हिशेबच नको. डायटम नव्या टँकला येतातच, वाळू कुठलीही असो. त्यांना सिलिकेट मिळतं ते मुख्यतः नळाच्या, बोअरच्या पाण्यातून, आरओचा मेंब्रेन जुना झाला असला की विचारूच नका.

आता दुसरी बाजू. अ‍ॅरागोनाइट वाळू पीएच सांभाळते, कॅल्शियम देते, असं पिशवीवर लिहिलेलं असतं. समुद्राच्या वरच्या थरातलं गरम पाणी अ‍ॅरागोनाइटच्या बाबतीत आधीच अतिसंपृक्त असतं, म्हणजे त्यात आणखी विरघळायला जागाच नाही. ८.१, ८.२ पीएचला ती वाळू तशीच पडून राहते. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर वापरणारे कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास खाली आणतात तेव्हा कुठे ती विरघळते. वाळूच्या खोल थरात घाण कुजून थोडा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तिथे चिमूटभर विरघळत असेल, त्याच्या भरवशावर कोरल वाढत नाहीत. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) मोजायची आणि भरायची, दुसरा मार्ग नाही.

म्हणजे तुमची पोती विष नाहीत. मात्र धागाकर्त्यांनी "कडा धारदार" लिहिलंय, ते मला खटकलं. फिल्टरची वाळू बऱ्याचदा अशी असते. कोरिस रॅस रात्री त्यात डोकं खुपसून झोपणार आहे. त्यामुळे हरकत रसायनाची नाही, दाण्याच्या आकाराची आहे. पोतं नक्की कुठून आलं हे माहीत नाही ही दुसरी हरकत.

आणि कुर्ल्याच्या मित्राची फुकट वाळू नको. वाईट वाटून घेऊ नका, पण चुन्याच्या वाळूला फॉस्फेट चिकटून बसतं, चार वर्षं माशांना घातलेल्या खाण्यातलं फॉस्फेट त्या दाण्यांवर आहे, नव्या टँकमध्ये ते हळूहळू सुटत राहील आणि धागाकर्ते हिरव्या केसाळ शेवाळावर नवा धागा काढतील.

कुर्ल्याची लोकल | १३ एप्रिल, सकाळी ८:०३

म्हणूनच तर मी टँक मोडला बुवा :) केसाळ शेवाळानेच. ऑफर मागे.

चिंगळी | १३ एप्रिल, सकाळी १०:३०

बावळट प्रश्न. पांढरंच हवं तर रांगोळी का नाही? ती पण दगडाची भुकटी ना? आणि संगमरवराचा चुरा? आमच्याकडे फरशीवाल्याकडे ढीग पडलेला असतो.

क्वार्ट्झबुवा | १३ एप्रिल, दुपारी १:१५

बावळट अजिबात नाही. रांगोळी इतकी बारीक की पंप चालू केल्या केल्या टँकचं ताक होईल, शिवाय त्यात कोण काय मिसळतं देव जाणे. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, तेही कॅल्शियम कार्बोनेटच पण स्फटिकाची रचना वेगळी, अ‍ॅरागोनाइटपेक्षा कमी विरघळतं. व्हिनेगरमध्ये दोन्ही फसफसणार, त्यामुळे ती टेस्ट एवढंच सांगते की चुन्याचं आहे की नाही. फोडलेल्या चुऱ्याच्या कडा धारदारच. समुद्रात लोळून गोल झालेल्या दाण्याची मजा वेगळी. बहामाजकडे तर उथळ गरम पाण्यात वाळूचे दाणे मोत्यासारखे वाढतात, मध्ये एखादा कण आणि त्यावर लाटांनी लोळता लोळता चुन्याची पुटं, त्याला ओऑइड म्हणतात. पिशवीवर ऊलाइट लिहिलेली वाळू ती.

एडिसनची अनू | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

इथे न्यू जर्सीत २००३ पासून टँक आहे त्यामुळे वाळूच्या सगळ्या फॅशनी अंगावरून गेल्यात, सांगते.

तेव्हा इकडे हार्डवेअरच्या दुकानात लहान मुलांच्या खेळायच्या वाळूची पोती मिळायची, आणि त्यातल्या एका ब्रँडची वाळू चक्क कॅरिबियनमधली अ‍ॅरागोनाइट निघाली. मग काय, आमच्यासारखे टँकवाले गाड्या भरभरून न्यायचे, दुकानातली पोरं विचारायची की किती मुलं आहेत तुम्हाला. नंतर ती बंद झाली. त्या स्वस्ताईत मी सहा इंचांचा थर दिला होता, कारण तेव्हा खोल थराचं वारं होतं. मोनॅकोच्या जाँ जोबेर यांनी ऐंशीच्या दशकात वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून टँक चालवून दाखवले होते, त्याला प्लेनम म्हणायचे. मग नव्वदीच्या शेवटी रॉन शिमेक यांच्या लेखांमुळे पोकळी गेली आणि नुसताच बारीक वाळूचा चार ते सहा इंच थर आला. तत्त्व खरं आहे, खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथले बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. माझे नायट्रेट पाच वर्षं शून्याला टेकलेले होते.

पण तो थर जिवंत ठेवायला लागतो. त्यात किडे, छोट्या गोगलगायी, वर्म हवेत जे वाळू हलवत राहतील. मी हौसेने वाळू चाळणारा तारामासा आणला, त्याने सहा महिन्यांत सगळे किडे खाऊन टाकले आणि मग स्वतः उपाशी मेला. (तीन फुटी टँकवाल्यांनी तो आणूच नये, दुकानात कितीही गोड दिसला तरी.) मग थर आतून घट्ट झाला, ढेकळं झाली. घर बदलताना टँक रिकामा केला तर खाली काळा पट्टा आणि सडक्या अंड्यांचा वास, हायड्रोजन सल्फाइड. एप्रिलमध्ये सगळ्या खिडक्या उघड्या टाकून बसलो होतो, सासूबाई आल्या होत्या त्यांना वाटलं गॅस लीक झाला.

आता माझ्याकडे दीड-दोन इंच आहे, बस. तीन इंचांच्या आसपासचा थर मला सगळ्यात नको वाटतो, नायट्रेट जिरायला पुरेसा खोल नाही आणि साफ करायला जास्त खोल.

पेठेतला मासा | १३ एप्रिल, रात्री १०:०८

ताई भारी लिहिलंत, सासूबाईंचा किस्सा बायकोला वाचून दाखवला.

म्हणजे दोन इंच. पण जाड घेतली तर? दुकानात तीन-चार मिलिमीटरचा कोरलचा चुरा पण होता, तो वेव्हमेकरने (पाण्यात प्रवाह करणारा पंप) उडत नाही म्हणे. माझ्याकडे दोन वेव्हमेकर आहेत.

ठाण्याचा खारट | १३ एप्रिल, रात्री ११:२५

उडत नाही हे खरं. पण दाणा जाड म्हणजे मधल्या फटी मोठ्या, खाणं आणि शी सगळं त्या फटीत जाऊन बसतं आणि वरून टँक चकाचक दिसतो. दर आठवड्याला सायफन मारायची शिस्त असेल तर चालेल, नाहीतर वर्षभराने नायट्रेट बघून रडाल. आणि रॅस त्यात झोपणार नाही हे आधीच सांगितलं.

उलट टोक साखरेसारखी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. दिसायला तीच सुंदर, मालदीवची अट तीच पुरी करते, घाण वरच राहते म्हणजे उचलता येते. पण वेव्हमेकरसमोर टिकत नाही. माझ्या पहिल्या टँकमध्ये आठ दिवसांत एका कोपऱ्यात काचेचा तळ उघडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचा डोंगर, शिवाय सगळ्या दगडांवर वाळूचा सडा. कोरलवर वाळू बसली की ते मिटतात.

तुमच्या यादीला मधली, एक ते दोन मिलिमीटरची, आणि तिच्यात थोडी बारीक मिसळलेली. रॅसला एवढी चालते. पिस्तूल श्रिंपला तर निव्वळ बारीक वाळू नकोच असते, त्याचं बिळ ढासळतं. त्याला बिळाच्या तोंडाशी रचायला लहान दगड, शिंपल्याचे तुकडे लागतात, गवंडी आहे तो. मूठभर जाड चुरा एका कोपऱ्यात टाका, तो स्वतः उचलून नेईल. पुढे कधी डायमंड गोबी घ्यायचा मोह झाला तर मात्र लक्षात ठेवा, तो तोंडात वाळू भरून कल्ल्यातून गाळतो, त्याला बारीकच लागते, आणि गाळलेली वाळू तो नेमकी तुमच्या सगळ्यात महाग कोरलवर सोडतो.

खूप जोराचा प्रवाह लागणारे कडक कोरल ठेवणारे लोक तळ उघडाच ठेवतात. साफसफाई सोपी. मला ते हॉस्पिटल वाटतं, पण ज्याची त्याची आवड.

चिंगळी | १४ एप्रिल, सकाळी ९:१२

किती किलो लागेल मग? पोतं आणि पिशवीच्या हिशेबात मी नेहमी चुकते, कुंडीची माती पण कमीच पडते.

ठाण्याचा खारट | १४ एप्रिल, सकाळी ९:४०

सोपं आहे. ९० सेंमी गुणिले ४५ गुणिले ५ सेंमी थर म्हणजे २०,२५० घन सेंमी, वीस लिटर. कोरड्या वाळूचं लिटरमागे साधारण दीड किलो धरा, तीस किलो झाले. दगडांनी जागा व्यापलेली असते ती वजा केली की सव्वीस-सत्तावीस. नऊ किलोच्या तीन पिशव्या. पैसे वाचवायचे तर मागचा भाग पातळ ठेवा, पुढे दिसतो तिथे आणि रॅस झोपणार त्या कोपऱ्यात जाड.

आणि पिशवीवर "लाइव्ह" लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. ओल्या पिशवीत बॅक्टेरिया असतात, नाही असं नाही, टँक सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया जिरवणारे बॅक्टेरिया बसायला, थोडा टेकू मिळतो. पण किडे, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), गोगलगायी त्या बंद पिशवीत महिनोन्महिने जगत नाहीत. कोरडी घ्या आणि ओळखीच्या निरोगी टँकमधली कपभर वरची वाळू मागून आणा. नको ते पाहुणे सोबत येऊ शकतात, देणाऱ्याचा टँक बघूनच मागा.

एडिसनची अनू | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

एक राहिलं, आणि हे महत्त्वाचं. आधी दगड, मग वाळू. दगड थेट काचेवर टेकवा, खाली पातळ प्लास्टिकची जाळी चालेल, आणि मग भोवतीने वाळू ओता. वाळूवर दगड रचलेत आणि पिस्तूल श्रिंप आणलात की तो पायाच उकरतो. आमच्या क्लबातल्या एकाचा टँक रात्री तीनला ठक्क करून वाजला, सकाळी बघतो तर मधली कमान खाली आणि काचेला तडा. श्रिंप मजेत होता.

पेठेतला मासा | ३ मे, रात्री ११:५०

अपडेट. तीन पिशव्या घेतल्या, कोरडी अ‍ॅरागोनाइट, एक ते दोन मिलिमीटर दोन आणि बारीक एक. व्हिनेगरमध्ये टाकली, अशी फसफसली की लेक टाळ्या वाजवायला लागली.

धुण्याबद्दल कोणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून माझा अनुभव लिहून ठेवतो. मला वाटलं दोनदा खळबळली की झालं. पहिल्या बादलीचं पाणी म्हणजे निव्वळ दूध. दुसरं पण दूध. तांदूळ धुतल्यासारखं पांढरट व्हायला सात-आठ पाणी लागली, आणि आमच्याकडे एप्रिलपासून दिवसाआड पाणी, त्यामुळे गच्चीवर बादल्या मांडून बसलो तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर येऊन विचारलं की हे काय चाललंय. ते सगळं पाणी शेवटी कुंड्यांना घातलं म्हणून वाचलो (गोडं पाणी होतं, काळजी नको). एकावेळी बादलीत तीन-चार किलोच घ्या, हाताने ढवळा, गढूळ पाणी पटकन ओता, पोतंभर वाळू एकदम घेऊन खालची कधीच धुतली जात नाही. शेवटचं पाणी आरओचं. "लाइव्ह" वाली ओली पिशवी असेल तर ती मात्र धुवायची नसते.

टँकमध्ये दगड काचेवर, मग वाळू, मग वाळूवर थाळी ठेवून त्यावर मिठाचं पाणी सोडलं. घनता १.०२५. तरीपण सकाळी बघतो तर टँकमध्ये धुकं, मागची काच दिसत नाही. दोन दिवस झाले. बिघडलं का काही?

क्वार्ट्झबुवा | ४ मे, सकाळी ७:५५

काही बिघडलं नाही. ती चुन्याची धूळ आहे, बसेल. फिल्टरमध्ये साधा पांढरा कापूस लावा, संध्याकाळी काढून धुवा, परत लावा. आणि सारखा हात घालून वाळू सारखी करत बसू नका, प्रत्येक वेळी पुन्हा उडते.

पेठेतला मासा | ६ मे, रात्री ९:३०

बसलं. बायको सोफ्यावर बसून अर्धा तास नुसत्या रिकाम्या टँककडे बघत होती. मालदीव पास.

पेठेतला मासा | २४ मे, रात्री ८:२०

मालदीव गेलं. वाळूवर तपकिरी चादर. कोको पावडर भुरभुरल्यासारखी. सकाळी कमी असते, लाइट लागला की संध्याकाळपर्यंत जाड. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दहा. दुकानदार म्हणतो केमिकल घाला. घालू?

ठाण्याचा खारट | २४ मे, रात्री ८:४४

घालू नका!! हेच ते डायटम, बुवांनी सांगितलेले, तीन आठवड्यांनी हजर, अगदी वेळेवर. आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा, शून्य नसेल तर मेंब्रेन नाहीतर रेझिन बदला. बाकी वाट बघा. पाच-सहा नासारियस गोगलगायी आणि थोड्या सेरिथ टाका, नासारियस वाळूत गाडून बसतात, फक्त सोंड वर, खाण्याचा वास आला की एकदम सगळ्या उठतात, बघायला मजा येते.

सायफन मारताना बारीक वाळू पण नळीत चढते, तेव्हा नळी बोटाने दाबून धार कमी करायची, घाण वर जाते आणि दाणे खाली पडतात. दर वेळी तळाचा एक चतुर्थांश भागच. सगळा एकदम ढवळू नका.

तपकिरीच्या जागी बुडबुडे धरलेले लाळेसारखे धागे दिसले तर लगेच फोटो टाका, ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट) असतात, ते प्रकरण वेगळं.

मालवणी झील | २५ मे, सकाळी ६:४०

माझोय प्रश्न इचारतंय. मी पण छोटो टँक लावतंय म्हणतंय, दोन फुटी. वाळू इकतच घेतलंय, हसू नकात.

कुर्ल्याची लोकल | २५ मे, सकाळी ९:३०

होडी विकली का? :))

पेठेतला मासा | १८ जून, रात्री १०:१५

टीडीएस १४ निघाला होता. रेझिन बदललं, गोगलगायी टाकल्या, तीन आठवड्यांत चादर गेली. क्लाऊन आलेत. परवा गोबी आणि पिस्तूल श्रिंपची जोडी मिळाली. पहिल्या रात्री दोघं दोन टोकांना, मला वाटलं जमत नाही. सकाळी एकाच दगडाखाली. श्रिंपला फारसं दिसत नाही, म्हणून बिळाबाहेर येताना एक मिशी कायम गोबीच्या अंगावर. तो बुलडोझरसारखा वाळू ढकलत बाहेर आणतो, गोबी दारात चौकीदार. खारटरावांनी सांगितलेला मूठभर जाड चुरा मी डाव्या कोपऱ्यात टाकला होता, बिळ त्यांनी उजवीकडे केलं, आणि दोन दिवसांत तो सगळा चुरा उजवीकडे पोचलेला आहे. एकेक तुकडा. लेक मोजत बसली होती.

एडिसनची अनू | १८ जून, रात्री १०:५५

दगड काचेवर टेकवलेत ना?

पेठेतला मासा | १८ जून, रात्री १०:५७

टेकवलेत ताई. तीनदा तपासलं.

पेठेतला मासा | १३ जुलै, रात्री ११:३५

मदत. काल येलो कोरिस रॅस सोडला. पाण्यात पडला, एक चक्कर मारली आणि उजव्या कोपऱ्यात वाळूत डोकं घालून गायब. आज दिवसभर नाही. वरती जाळी आहे त्यामुळे उडी मारलेली नाही, जमिनीवर टॉर्च घेऊन पण शोधलं. उकरून बघू का?

ठाण्याचा खारट | १३ जुलै, रात्री ११:४१

हात लावायचा नाही! बिचारा कुठल्या समुद्रातून, किती विमानं बदलून आलाय, त्याचं घड्याळ अजून तिकडचंच आहे. काही रॅस दोन दिवसांत येतात, काही आठवडा घेतात. उकरलंत तर परत घाबरून आणखी आत जाईल. अमोनिया तेवढा रोज बघा.

पेठेतला मासा | १६ जुलै, सकाळी ८:०५

आला. आता लाइट लागला आणि पंधरा मिनिटांनी वाळूतून आधी डोकं, मग सगळा पिवळाधमक. अंगावर एक ओरखडा नाही. गोल दाण्याचे पैसे वसूल.

नुसताच वाचक | १६ जुलै, सकाळी ८:३०

तीन महिने वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतो: त्या पन्नास किलो पोत्यांचं काय केलंत?

पेठेतला मासा | १६ जुलै, सकाळी ८:४२

दुकानदाराने परत घेतली नाहीत. खाली घसरगुंडीपाशी ओतली, सोसायटीची पोरं खूश, आणि सेक्रेटरी आता माझ्याशी बोलतात.